मेलेल्यांची भाकरी

एका जंगलात, अशीच सुरुवात करायची असते, मुलांनो. पण मिसर देशात जंगल आणायचं कुठून? तिथे मधोमध एक नदी, बाकी सगळी वाळूच वाळू. तेव्हा एका वाळवंटात एक पाणघोडा राज्य करत होता.

हा राजा चांगला धडधाकट होता. तरी गादीवर बसल्या बसल्या त्यानं स्वतःची कबर बांधायला काढली. त्या देशात तशी पद्धतच होती. राजा अंगानं सुटत चालला, की कबरही वाढवावी लागे.

दगड वाहायला गाढवं होती. त्यांचा मुकादम खेपू. गडी कष्टाळू आणि जरा भोळाच. कामाचा मोबदला म्हणून प्रत्येकाला भाकरी, कांदे आणि सातूची बिअर मिळे. (बिअर म्हणजे काय, ते घरी विचारू नका.) त्यावर खेपूचं, त्याच्या बायकोचं म्हणजे नेफीचं आणि त्यांच्या शिंगराचं पोट भरे.

एके दिवशी भाकरी आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खेपू प्रधानाकडे गेला. प्रधान होता कोल्हा. बोलायला अगदी साखर.

"खेपूराव, या, बसा! अहो, तुम्ही काय नोकर आहात? आपण सगळे एकाच कुटुंबातले."

"होय महाराज. पण कुटुंबातल्या आमच्या बाजूला दोन दिवस चूल पेटलेली नाही."

कोल्ह्याचे डोळे पाणावले. त्यानं तिथल्या तिथे खेपूला पदवी दिली, 'राजपाषाणवहनभूषण'. वर कमळांचा हार घातला.

खेपू डुलत डुलत घरी आला. नेफीनं हार उतरवला, नीट तीन वाटे केले आणि तिघांनी तो खाल्ला.

"आता पदवी शिजवू का?" नेफी म्हणाली.

खेपूची मान खाली गेली. शिंगरू रिकामं भांडं चाटत होतं. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात नवं काम निघालं. दगड नव्हे, पोती. सातू, कांदे, बिअरचे रांजण, सगळं कबरीत नेऊन रचायचं. खेपूनं पोत्याला नाक लावलं. सातूचाच वास! तो देखरेखीला उभ्या असलेल्या कोल्ह्याकडे वळला.

"महाराज, हे कुणासाठी?"

"राजेसाहेबांसाठी. मेल्यावर भूक लागते ना."

"आणि आमची भाकरी?"

"त्यातूनच तर हे वाचवलं," कोल्हा अभिमानानं म्हणाला. "असं बघा खेपूराव, मेलेल्याला उपाशी ठेवलं तर पाप लागतं. जिवंतांचं तसं काही नाही. राजेसाहेबांची आज्ञाच आहे, या कबरीत जो मेलेला असेल त्याला रोज जेवण."

"जो असेल त्याला?"

"जो असेल त्याला."

खेपूनं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. तो तिथेच कबरीत जमिनीवर आडवा झाला. चारी पाय वर केले आणि डोळे मिटले.

"अहो, हे काय?"

"मेलो," खेपू म्हणाला.

मागच्या गाढवांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तीही धपाधप आडवी झाली. नेफी शिंगराला घेऊन धावत आली आणि दोघं खेपूच्या शेजारी मेली. शिंगराला मरताना हसू आवरेना.

कोल्ह्यानं विनवलं, धमकावलं, नव्या पदव्या जाहीर केल्या. कुणी कान हलवला नाही. पोती रचण्याचा आवाज थांबला तसा राजा स्वतः आला. कबरीत पायांचं रान उभं राहिलेलं पाहून तो हबकला.

"यांना काय झालं?"

"महाराज, नाटकं..."

"मेलेत की नाही?" राजा गरजला.

नाही म्हणावं, तर कामगार कामावर का नाहीत, हे सांगावं लागणार. कोल्हा चाचरत म्हणाला, "मेलेत."

"मग जेवण कुठंय? माझ्या कबरीत मेलेले उपाशी? परलोकात मी तोंड कसं दाखवू?"

पोती फुटली. भाकऱ्या भाजल्या. गाढवं पडल्या पडल्या जेवली. खेपूनं पहिला घास शिंगराच्या तोंडात घातला तेव्हा त्याचे मिटलेले डोळेही ओले झाले.

राजा वर बघत म्हणाला, "आणि छप्पर कोण घालणार?"

खेपूनं एक डोळा उघडला. "जिवंतपणीही रोज एवढंच मिळणार असेल, तर जिवंत होऊन पाहू."

राजानं शब्द दिला आणि पाळलाही, कारण छप्पर खरंच राहिलं होतं. गाढवं उठली आणि कामाला लागली.

कोल्ह्यानं दरबारात सांगितलं, की आपण मंत्र घालून मुडद्यांचा अख्खा ढीग उठवला. त्याला सोन्याचा कंठा मिळाला. खेपूला मात्र त्या संध्याकाळी एक कांदा जास्त आला, आणि त्यानं तो घरी नेला.

तात्पर्य : मुलांनो, मान खाली घालून खूप कष्ट करा. त्यानं पदवी मिळते. भाकरी हवी असेल, तर मात्र वेळेवर मरता आलं पाहिजे.