पाण्याच्या ग्रुपवरची सुवार्ता

सावित्रीबाईंनी तो मेसेज पाठवला तेव्हा त्यांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात वांगी परतायचं उलथनं. शनिवारची दुपार होती. चष्मा देवळीत राहिला होता. वांगी करपतील या घाईत त्यांनी निळ्या थेंबाच्या चित्राचा ग्रुप बोटानं दाबला, मेसेज सोडला आणि समाधानानं कढईवर झाकण ठेवलं.

मेसेजमागं दोन दिवसांचा विचार होता. कर्नाटकातल्या हुलसूरपासून चार किलोमीटरवरच्या कासरवाडीत एक लहानसं चर्च होतं. रविवारी तिथं चौदा माणसं जमत, त्यातली दोन झोपायला. तरुण पास्टर प्रशांतकुमार बिदरला जाऊन फोनवरून सुवार्ता कशी सांगावी याचं शिबिर करून आले होते आणि आल्या आल्या त्यांनी सावित्रीबाईंना कामाला लावलं होतं.

"उगवता सूर्य आणि गुलाबाचं फूल टाकलं की कुणी वाचत नाही, सावित्रीबाई. लोकांना आज काय पाहिजे, तिथून सुरुवात करा. थोडक्यात. आपल्या गावच्या बोलीत."

सावित्रीबाई निवृत्त नर्स. तीस वर्षं त्यांनी कासरवाडीला सुया टोचल्या होत्या, त्यामुळे थोडक्यात काम उरकायची त्यांना सवय होती. त्यांनी "आशेचा झरा" नावाचा ग्रुप काढला, त्याला निळ्या थेंबाचं चित्र लावलं आणि नात्यातली, ओळखीची एकतीस माणसं त्यात घातली. एकतीसही जण आधीच ख्रिस्ती, म्हणजे तहान भागलेले. पण सुरुवात कुठून तरी करायची म्हणून त्यांनी लिहिलं:

"तहानेनं जीव कासावीस झालाय का? रविवारी सकाळी चर्चमधी या. असं पाणी मिळंल की परत तहान लागायची न्हाई. सगळ्याला, फुकट." खाली एक मोठा धबधबा.

दुसऱ्या एका ग्रुपलाही निळा थेंबच होता. त्याचं नाव "नळ पाणी, खालची गल्ली". त्यात सावित्रीबाईंसकट दोनशे बारा माणसं होती, आणि मोठा पाइप फुटल्यापासून त्या गल्लीला आठ दिवस पाणी आलं नव्हतं.

मेसेज किती जणांनी वाचला हे बघायचा सावित्रीबाईंना मोह झाला. पण पेरणाऱ्यानं रोज माती उकरून बघू नये, असं पास्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी फोन बंद केला आणि ट्रंकेत साड्यांखाली ठेवून दिला.

इकडं मेसेज चालू लागला. खालच्या गल्लीतून तो वरच्या गल्लीत गेला. तिथं कुणीतरी त्याला टँकर जोडला. कन्नडमध्ये जाताना टँकरचा बोअर झाला, आणि रविवारी सकाळपर्यंत चर्चच्या आवारात कायमचं पाणी लागलं होतं.

नऊ वाजता पास्टर हुलसूरहून मोटरसायकलवरून वळणावर आले आणि थबकले. आवाराच्या भिंतीवरून डोकीच डोकी दिसत होती. शंभराच्या वर असतील. पास्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच फोटो काढला आणि बिदरच्या मोठ्या पास्टरांना पाठवला. खाली लिहिलं, "शिबिराचं फळ." मग ते फाटकातून आत गेले आणि डोक्यांच्या खालचा भाग त्यांना दिसला. प्रत्येकाच्या पायाशी घागर होती. काहींच्या पायाशी चार.

"पास्टर, पयला नंबर माझा हाय," यल्लम्मा म्हणाली. ती सावित्रीबाईंची शेजारीण. "साडेसहापासून बसलेव मी."

"एवढी ओढ लागलीय?"

"मग काय. आज नववा दिवस हाय."

पास्टरांना कशाचा नववा दिवस ते कळेना. एवढ्यात पंचायतीचे मेंबर राजपाल हातात नारळ आणि हार घेऊन आत आले. "मी लय दिवस पाठपुरावा करायलो होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बोअर कुठाय? नारळ फोडून घेऊ."

सावित्रीबाई नवऱ्याबरोबर, भीमण्णांबरोबर पोहोचल्या त्या या वेळेला. भीमण्णा चर्चची घंटा वाजवत आणि एरवी फारसं बोलत नसत. किराणा दुकानदार गुंडप्पा पुढं आले. पाण्याच्या ग्रुपचे ॲडमिन तेच. त्यांनी आपला फोन सावित्रीबाईंच्या डोळ्यांपुढं धरला. "नर्सबाई, हे तुमीच लिवलासा न्हवं?"

सावित्रीबाईंनी चष्मा लावला. स्वतःचा मेसेज वाचला, धबधबा बघितला, वर ग्रुपचं नाव बघितलं आणि त्या तशाच पास्टरांच्या मागं चर्चच्या आतल्या खोलीत गेल्या.

पास्टरांनीही आता मेसेज वाचला होता. "दिवस कसे आहेत तुम्हाला माहिती आहे. पाण्याचं आमिष दाखवून बोलावलं म्हणतील. तुम्ही मागच्या दारानं घरी जा, मी बघतो काय ते."

सावित्रीबाईंनी दारातून बाहेरच्या गर्दीकडं बघितलं. या गावानं त्यांना कधी जात-धर्म विचारला नव्हता. पोर तापलं की दार वाजवायचं, एवढंच गावाला माहीत होतं. एका मेसेजनं ते सगळं जाणार होतं.

"तीस वर्ष सुया टोचल्या, पास्टर," त्या म्हणाल्या. "टोचून झाल्यावर कुणाच्या घरून मागच्या दारानं पळले न्हाई."

त्या बाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. "मेसेज माझाच हाय. चुकून तुमच्या ग्रुपवर पडला. त्यातलं पाणी म्हंजे देवाचं, मनाची तहान भागिवणारं. इथं बोअर न्हाई, टँकर न्हाई. माझी चूक हाय."

राजपाल यांनी नारळ हळूच पिशवीत टाकला.

"म्हंजे ते पाणी घागरीत घेता येत न्हाई व्हय?" यल्लम्मानं विचारलं.

"न्हाई गं."

"मग एवढा मोठा धबधबा कामून लावलासा?"

वरच्या गल्लीतला एक जण ऑटोत पाच ड्रम घालून आला होता. तो पुढं झाला. "लोकायला फसवून बोलवायलेत हे. बोलवायचं पाण्याला, अन् करायचं काय तर भजन."

दोन-चार माना हलल्या. पास्टर दाराआड उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

"फसवलं न्हाई, चुकलं," सावित्रीबाई म्हणाल्या. त्या एक पायरी खाली उतरल्या. "तरी तहानलेल्याला बोलवून रिकाम्या हातानं लावून द्यायचं, हे आमच्यात बसत न्हाई. थोडं थांबा. काय तरी करू."

काय करू, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. भीमण्णांनी डोकं खाजवलं.

"मागं आड हाय की," ते म्हणाले.

"कुठला आड?"

"चर्चचा. नळ आले तवा फरशा टाकून झाकला. मीच टाकल्या."

"मग आठ दिवस बोलला कामून न्हाई?"

"कुणी इचारलं न्हाई."

गुंडप्पांच्या वडिलांनी त्याच आडाचं पाणी शेंदलं होतं, हे गुंडप्पांना आठवलं. सात-आठ जण मागं गेले. बाभळीच्या फांद्या ओढल्या, फरशा पहारीनं उचलल्या. एकानं खडा टाकला. सगळे कान देऊन उभे राहिले, आणि खालून गारेगार डुबुक् असा आवाज आला.

दोर नव्हता. भीमण्णांनी घंटेचा दोर सोडून आणला. तो पुरेना, म्हणून गुंडप्पांनी दुकानातला दोर आणून त्याला गाठ मारली. पहिली बादली वर आली तशी यल्लम्मा ओंजळ घेऊन धावली, पण सावित्रीबाईंनी तिचा हात धरला. "आधी जंतू मारायची पावडर टाकू दे. अन् आजचं नुसतं वापरायला. प्यायचं असंल तर उकळून."

दोर एक, बादली एक, आणि घागरी तीनशेच्या घरात. दहा वाजले तरी रांग हलल्यासारखी वाटेना. पास्टरांनी कोट काढून लिंबाच्या फांदीला अडकवला आणि शेंदायला लागले. ऑटोवाला त्यांच्या शेजारी येऊन दोर धरायला लागला. पास्टरांचं प्रवचन तयार होतं, ते त्यांनी खिशातच ठेवलं. "आज मी बोलणार नाही," त्यांनी सावित्रीबाईंना हळूच सांगितलं. "पाणी देता देता प्रवचन, बरं दिसत नाही ते."

पण उन्हात रांगेत उभं राहायचं आणि ऐकायला काही नाही, हे यल्लम्माला सोसेना. "पास्टर, ते परत तहान न लागायचं पाणी म्हंजे काय, सांगा की. उभारून पाय दुखायलेत आमचे."

"सांगा, सांगा," गुंडप्पा म्हणाले. "आमच्या बसवण्णांचं पण असंच काय तरी असतंय. ताडून बघू."

मग पास्टरांनी दोर ओढता ओढता गोष्ट सांगितली. एक बाई भर दुपारी एकटी विहिरीवर आली. तिथं येशू थकून बसला होता. तो दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या गावचा, तरी त्यानं तिच्याकडं प्यायला पाणी मागितलं.

"भर दुपारी एकटी आली?" यल्लम्मानं मधेच विचारलं. "म्हंजे गल्लीतल्या बायकांचं अन् तिचं पटत नसंल. टोमणे नकोत म्हणून उन्हाची आली बिचारी."

पास्टरांच्या हातातला दोर थांबला. हीच गोष्ट समजायला त्यांना कॉलेजात एक अख्खी सहामाही लागली होती.

"थांबू नका, बादली अर्ध्यात हाय," ऑटोवाला म्हणाला.

इतक्यात बिदरच्या मोठ्या पास्टरांचा फोन आला. फोटो बघून ते हरखले होते. शंभर माणसं गोळा करायची ही कुठली पद्धत, पुढच्या शिबिरात येऊन शिकवाल का, असं विचारत होते. पास्टरांनी आपल्या फोड आलेल्या तळव्यांकडं बघितलं. "शिकवतो, साहेब. पण येताना प्रत्येकानं दहा हात दोर आणावा," ते म्हणाले, आणि पुन्हा आडाकडं वळले.

शेवटची घागर दोन वाजता भरली. घरी आल्यावर सावित्रीबाईंनी भीत भीत ट्रंकेतून फोन काढला. एकशे चाळीस मेसेज पडले होते. सगळ्यात नवा गुंडप्पांचा होता: "चर्चचा आड. खालची गल्ली सोमवार, गुरुवार. वरची गल्ली मंगळवार, शुक्रवार. रविवारी त्यांची प्रार्थना संपेपर्यंत बादली सोडू नये, आवाज होतो."

त्याखाली यल्लम्मानं एकट्या त्यांना पाठवलेला आवाजाचा मेसेज होता. "नर्सबाई, त्या बाईचं पुढं काय झालं? माझा नंबर आला अन् ऐकायचं अर्ध्यात राहिलं बगा."

सावित्रीबाईंनी चष्मा लावला. नाव तीनदा वाचलं. यल्लम्माच आहे अशी खात्री झाल्यावर त्यांनी उरलेली गोष्ट आपल्या बोलीत, थोडक्यात, फोनमध्ये बोलून सांगितली: त्या बाईच्या आयुष्यातलं सगळं येशूनं ओळखलं तरी तिला हिणवलं नाही, आणि ती घागर तिथंच विसरून गावाला सांगायला धावली. एकट्या यल्लम्माला त्यांनी ते पाठवलं.

पाचच मिनिटांनी पाण्याच्या ग्रुपवर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. वर यल्लम्मानं लिहिलं होतं, "खालची गल्ली, सगळ्यानी ऐका." सावित्रीबाईंनी कपाळाला हात लावला. त्या ग्रुपवर पाण्याखेरीज दुसरं काही पडलं तर गुंडप्पा मिनिटात पुसून टाकत, मग ते लग्नाचं आमंत्रण का असेना. राजपाल यांनी लगेच आठवण करून दिली, "ॲडमिन, हे पाण्याचं हाय का?"

गुंडप्पांनी या वेळी लगेच पुसलं नाही. बहुतेक ऐकत होते. मग उत्तर आलं.

"व्हय. राहू द्या."