हप्त्याचं कासव

"या महिन्यापासून प्रनोम कुणालाही एक दमडी देणार नाही!"

आव नोक गावाच्या किनाऱ्यावर, गाडीतळावरच्या बदामाच्या झाडाखाली उभं राहून प्रनोमने ही घोषणा केली, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, थवीच्या घशात चिकट भाताचा घास अडकला. बाकीच्या ड्रायव्हरांनी मात्र कडकडून टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात रस्त्यावरून पोलिसांची जीप गेली आणि तेच ड्रायव्हर त्याच हातांनी माश्या मारायला लागले.

"माझे कागद चोख! लायसन्स चोख! टॅक्स भरलेला!" प्रनोमचा पट्टा चालूच. "मग मी हप्ता का द्यायचा? मी काय गाडीत अफू वाहते? गोरे पाहुणे वाहते, तेही ओल्या चड्डीतले!"

"अगं हळू बोल," थवी पाणी पिऊन म्हणाला. "अख्खं गाव देतंय ना?"

"अख्खं गाव विहिरीत उडी मारेल, म्हणून मीही मारू?"

आव नोकमध्ये हप्ता म्हणजे स्टिकर. दर महिन्याला नवं चित्र. गेल्या महिन्यात अननस होता, त्याच्या आधी खेकडा. काचेच्या कोपऱ्यात चालू महिन्याचं चित्र दिसलं की नाक्यावरचा पोलीस ढुंकूनही बघत नाही. गाडीला ब्रेक नसले तरी चालतं. ड्रायव्हर नसला तरी बहुधा चालेल! याला लाच म्हणायचं नाही, बरं का. 'सहकार्य' म्हणायचं. मानेवर पाय ठेवून मागितलेलं सहकार्य!

प्रनोमची गाडी म्हणजे मागे दोन बाकं ठोकलेला निळा छोटा ट्रक. थवीची कंबर धरल्यापासून त्या घरात ती एकच वस्तू धड चालत होती. गाडी बसली की चूल बसली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण माणसाची सहनशक्ती कधीतरी संपतेच.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर हवालदार सनानने हात दाखवला. गाडीभोवती एक चक्कर मारली, काचेच्या कोपऱ्यातली रिकामी जागा पाहिली आणि एखाद्याच्या मयताला आल्यासारखा चेहरा केला.

"मावशी, हॉर्न वाजव."

तिने वाजवला.

"फार मोठा आहे. दंड."

तिने दंड भरला, पावती मागितली, पावतीपुस्तक संपल्याचं कळलं. संध्याकाळी तिने हॉर्न बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात!

"वाजव हॉर्न. छे, ऐकूच येत नाही. दंड! आणि हा आरशाला हार कसला?"

"फुलांचा! तुझ्या जीपमध्ये नाही का?"

"याने रस्ता दिसत नाही."

"मग तुला कसा दिसतो?"

"मला रस्ता बघायचा नसतो मावशी. मला गाड्या बघायच्या असतात."

तोपर्यंत मागचे सगळे पाहुणे उतरून चालायला लागले होते. शेजारीच भाड्याच्या मोटरसायकलवरच्या एका गोऱ्या पोराला दुसऱ्या शिपायाने हेल्मेट नाही म्हणून धरलं होतं. शिपायाच्या स्वतःच्या डोक्यावरही हेल्मेट नव्हतं! "इथे दिलेस तर अर्धे, ठाण्यात दिलेस तर दुप्पट," असा त्याचा सरळ भाव. पोराने पैसे दिले आणि वर हात जोडून त्याचे आभार मानले. लुटणाऱ्याचे आभार! प्रनोमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज वाटत नाही रे सनान? तुझ्या आईच्या हातचे मासे खाल्लेत मी!"

"म्हणून तर दोनदा सोडलं," सनान म्हणाला. "तिसऱ्यांदा सापडलीस की गाडी ठाण्याच्या आवारात. सोंगक्रानचा सण होईपर्यंत."

म्हणजे सगळा हंगाम! प्रनोमने ते आवार पाहिलं होतं. तिथल्या गाड्यांवर वेली चढल्या होत्या आणि एका टेम्पोच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. घरी आल्यावर तिने कुणाला दिसणार नाही अशा बेताने डोळे पुसले. थवीने ते पाहिलं आणि तो पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला.

"नवी घेतल्यापासून गाडीला भन्त्यांचा आशीर्वाद नाही. उद्या विहारात घेऊन जा."

तळ्याकाठच्या विहारातले मोठे भन्ते नव्वदीला टेकलेले. त्यांनी गाडीच्या टपाला आतून पांढरे ठिपके लावले, स्टिअरिंगला दोरा बांधला, पाणी शिंपडलं. मग पिशवीतून कासवाचं चित्र असलेला एक हिरवा गोल स्टिकर काढला आणि स्वतःच्या हाताने काचेच्या कोपऱ्यात चिकटवला.

"हळू चालव हो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रनोम नाक्यावर पोचली ती जीव मुठीत धरून. सनानने हात वर केला. मग त्याची नजर काचेवर गेली, आणि हात तसाच वर राहिला.

आता सनानचंही बरोबर होतं. महिना त्याच दिवशी बदलला होता आणि नवं चित्र कोणतं, ते वरून अजून आलं नव्हतं. शिवाय आव नोकमध्ये वसुली करणारे काय एकच? ठाण्याचे वेगळे, हायवेचे वेगळे, पाहुण्यांच्या रक्षणासाठी नेमलेले ते तर सगळ्यांत वेगळे! एक सासर आणि पाच-सहा जावई! त्यात हे कासव कोणत्या जावयाचं? ज्या बाईची गाडी परवा आपण जप्त करणार होतो, ती आज निर्धास्त येते, म्हणजे हात फार वरचा असणार!

सनानने वरचा हात तसाच कपाळाला नेऊन सलाम ठोकला. "या मावशी, या! तब्येत बरी ना?"

भन्त्यांच्या आशीर्वादाला म्हणतात तसं प्रनोमने बेंबीच्या देठापासून "साधू!" म्हटलं आणि गाडी सोडली.

मग काय! दुपारपर्यंत गाडीतळावर एकच चर्चा. "भन्त्यांचं कासव! सनानने सलाम केला, माझ्या डोळ्यांनी पाहिलं!" संध्याकाळी विहाराबाहेर गाड्यांची रांग लागली. बर्फवाला आला, नारळवाला आला, पाण्यावरच्या स्कूटर भाड्याने देणारा आला. मालिशवाल्या बायकांनी दारावर लावायला कासव नेलं. बारवाल्याने तर तीन नेली, एक दारावर, एक गल्ल्यावर आणि एक स्वतःच्या पाठीवर.

हप्त्याचे पैसे दानपेटीत पडू लागले आणि पोलिसांच्या खिशात दुष्काळ पडला. सनानने हायवेवाल्याला चाचपून पाहिलं, "काय, तुमचं कासव मजेत ना?" हायवेवाला दचकला. "आमचं? आम्ही समजत होतो तुमचं!" सरळ विचारायची कुणाची छाती होईना. न जाणो, मोठ्या माणसाचं असलं तर! आठ दिवसांत कासवाला नाव सोडून सगळं मिळालं. ते राजधानीतले बडे जनरल झाले. ते कधी घाई करत नाहीत, पण एकदा तोंडात धरलं की सोडत नाहीत, असंही लोक सांगू लागले.

शेवटी ठाण्याचे मोठे साहेब, कर्नल अदिसोर्न, यांनी प्रनोमला ठाण्यात बोलावलं. बसायला खुर्ची दिली. बर्फाची कॉफी मागवली. प्रनोमला वाटलं, साहेबांना उपरती झाली!

"ताई," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "या कासवामागे कोण आहे?"

"मोठे भन्ते!" प्रनोमने हात जोडले.

"ते झालंच. पण त्यांच्याही मागे?"

प्रनोमने वर छताकडे पाहिलं. बुद्धाशिवाय भन्त्यांच्या मागे आणखी कोण असणार? "ते तर फार वर, साहेब. तुम्ही-आम्ही काय बोलणार त्यांच्याबद्दल!"

साहेबांनी कॉफीचा पेला तिच्याकडे आणखी सरकवला. "भेटायचं झालं तर?"

"भन्त्यांच्या पाया पडा. काय द्यायचं ते त्यांच्याकडे द्या. सगळं पोचतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब अनवाणी पायांनी विहारात हजर! एका हातात फळांची टोपली, दुसऱ्या हातात पाकीट. पाकीट एवढं जाड, की भन्ते आधी त्याला ग्रंथच समजले. प्रनोम पाहुण्यांना विहार दाखवायला आली होती. खांबाआडून तिने सगळं पाहिलं.

"माझ्या हातून काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं," साहेब कपाळ जमिनीला टेकवून म्हणाले. "काय आज्ञा आहे?"

"आज्ञा कसली? हळू घ्या, हळू!" भन्ते कळवळून म्हणाले. "नुसती धावाधाव चाललीय रस्त्यावर. माणसं मरतात. म्हणून तर ते कासव काढलं मी. पण ऐकतो कोण?"

माणसं मरतात! साहेबांना ती धमकीच वाटली. "मी ऐकलं, भन्ते! आजपासून हळू!"

आणि खरंच, दुपारी नाका उठला! आव नोकमध्ये गोरी पोरं रडत नव्हती, ड्रायव्हर नाक्याच्या भीतीने मागच्या रस्त्याने पळत नव्हते. हॉर्न ज्याला जसा हवा तसा वाजत होता. प्रनोमला वाटलं, लोक उगीच म्हणतात काही बदलत नाही! सरळ माणसाने सरळ उभं राहायची खोटी!

हे सुख उपोसथाच्या, म्हणजे विहारातल्या व्रताच्या दिवसापर्यंत टिकलं.

त्या दिवशी विहाराच्या भोंग्यावरून दान देणाऱ्यांची नावं वाचायची पद्धत आहे. नाव, रक्कम आणि कशासाठी, सगळं खणखणीत आवाजात. विहाराचे कारभारी बुनसोंगकाका यांना या कामाचा फार अभिमान. आव नोकमध्ये एकवेळ लाटांचा आवाज ऐकू येणार नाही, पण बुनसोंगकाकांचा येणार!

"नारळवाले चमरत यांचे कुटुंब, वीस बाट, वीजबिलासाठी. साधू!"

"साधू!" अख्खं गाव आपापल्या जागेवरून म्हणालं.

"आणि आता, विहाराच्या इतिहासातलं सर्वांत मोठं दान! आपले लाडके पोलीसप्रमुख, कर्नल अदिसोर्नसाहेब! दोन लाख बाट! नव्या संडासांसाठी! साधू! साधू! साधू!"

या वेळी गावातून आवाज आला नाही. दोन लाख! साहेबांचा पगार काही गुपित नव्हता. ज्याने त्याने मनातल्या मनात भागाकार केला. साहेबांच्या बायकोने तर केस धुताधुता केला, आणि तशीच, डोक्याला फेस असलेली, ठाण्यात शिरली.

"माझी गहाण बांगडी सोडवायला पैसे नव्हते म्हणालात ना? मग संडासाला कुठून आले?"

साहेबांना बांगडीचं काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्या कानात एकच शब्द घुमत होता, संडास! जनरल संडास बांधत नसतात. कासवामागे कुणी नव्हतं. कासवामागे कासवसुद्धा नव्हतं! आणि विहाराला दिलेलं दान परत मागायचं म्हणजे सात जन्म नरक, शिवाय त्याचीही घोषणा बुनसोंगकाका करणार!

दुसऱ्याच दिवशी नाका पुन्हा बसला. सनानने प्रनोमची गाडी अडवली.

"मावशी, हा स्टिकर नकली आहे."

"नकली? अरे, भन्त्यांनी स्वतःच्या हाताने लावलाय!"

"या महिन्याचं अधिकृत चित्रही कासवच ठरलंय. लोकांना सवय झालीय म्हणून." सनानने खिशातून एक काढून दाखवला. तेच हिरवं कासव, फक्त डोक्यावर पोलिसाची टोपी! "तुझ्या कासवाला टोपी नाही. सरकारी चित्राची नक्कल, मोठा गुन्हा आहे. चावी दे."

"नक्कल मी केली? आधी कुणाचं आलं? तुमचं का माझं?"

"ते कोर्टात ठरेल. तोवर गाडी आवारात."

चोर तो चोर, वर शिरजोर! प्रनोम ओरडली, भांडली, रस्त्यात फतकल मारून बसली. तळावरचे टाळ्या वाजवणारे शूरवीर एकेक करून गाड्या हळू करत आणि काचेतून टोपीवालं कासव दाखवत निघून गेले. तिच्या डोळ्यांदेखत निळी गाडी आवारात शिरली आणि त्या कोंबडीच्या टेम्पोशेजारी जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी थवी काठी टेकत टेकत ठाण्यात आला. त्याने प्रनोमपुढे हात पसरला. तिने कानांतली फुलं काढून त्यावर ठेवली. फुलं सोनाराकडे गेली आणि टोपीवालं कासव आलं.

"पण दुप्पट कसा रे झाला भाव?" चावी घेताना प्रनोमने विचारलं.

"साहेबांचे दोन लाख भरून काढायचेत ना," सनान ओशाळून म्हणाला. तो अगदीच वाईट नव्हता, फक्त पोलीस होता. "मनाला लावून घेऊ नकोस मावशी. पुण्यात तुझाही वाटा आहेच की!"

पावसाळ्याआधी संडास बांधून झाले. चकचकीत फरशी, चोवीस तास पाणी. दारावर संगमरवराची पाटी आणि त्यावर सोनेरी अक्षरांत कर्नल अदिसोर्न यांचं नाव. प्रनोमचं नाव कुठेही नाही. बुनसोंगकाकांना विचारलं तर म्हणाले, तुझ्या नावाची नोंद नाही.

तेव्हापासून प्रनोम दिवसातून तीन वेळा, भर धंद्यात, गाडीत पाहुणे बसलेले असताना, वाट वाकडी करून विहाराकडे वळते. पाहुणे घड्याळं बघतात. थवी म्हणतो, डॉक्टरला दाखव. पण तिच्या पोटाला काही झालेलं नाही. साहेबांच्या नावाखालून आत जायचं, निवांत बसायचं आणि भरभरून पाणी सोडून बाहेर यायचं. एवढे पैसे भरलेत, निदान वसूल तरी व्हायला नकोत?