मिस्त्री मालिकेबद्दल बोलत नाहीत

मिस्त्रींनी त्या दिवशी दाढी करता करता ठरवलं, की आज संध्याकाळी मालिका बघताना तोंड उघडायचं नाही. ठरवलं म्हणजे काय, बायकोने ठरवलं आणि मिस्त्रींनी मान हलवली (त्यांच्या घरातले सगळे निर्धार साधारण याच पद्धतीने होतात). दिसायला एवढीशी गोष्ट. पण जन्मात कधी गप्प न बसलेल्या माणसाने एकदम गप्प बसू नये, घरात नसते घोटाळे होतात, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार!

"अहो, ऐकताय ना?" टॉवेल पुढे करत बायको म्हणाली. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, त्यामुळे कुठलीही गोष्ट ती सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी बजावते. "लेक आज पहिल्यांदा तिला घरी आणतेय. तिच्यासमोर मालिकेला शिव्या घालायच्या नाहीत. एक शब्द नाही."

"मी कुठे शिव्या घालतो?"

"मागच्या आठवड्यात तुम्ही टीव्हीवर चप्पल उगारली होती."

"उगारली होती. मारली नाही."

आता ही 'ती' कोण आणि मालिका कुठली, ते सांगायला हवं. मिस्त्रींची लेक फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या आखडलेल्या माना सरळ करते. काही वर्षांपूर्वी एका दुपारी ती आईबापांसमोर बसली आणि म्हणाली, की माझं एका मुलीवर प्रेम आहे. आई जरा रडली आणि मग विचारलं, की ती मुलगी वेळेवर जेवते का. मिस्त्री मात्र काही न बोलता उठले आणि एक धडधाकट खुर्ची उलटी करून दुरुस्त करायला बसले. दोन दिवस दुरुस्त करत होते. चांगली खुर्ची होती ती.

राग नव्हता हो. शब्दच सापडत नव्हते. आणि नेमकी त्याच सुमाराला ती मालिका सुरू झाली. एका गावात जनावरांची डॉक्टरीण असते. तिच्या दवाखान्याचं दार बसवायला एक सुतारीण येते, आणि दार बसतं पण सुतारीण काही परत जात नाही. मिस्त्री स्वतः सुतार, बघायला बसले ते सुतारकामासाठी. टीव्हीवरची माणसं हातोडी धरतात ती चमचा धरल्यासारखी, हे त्यांचं जुनं दुखणं. पण ही बाई रंधा मारायची ती कशी! सालपटं अख्खीच्या अख्खी, कुरळी होऊन पडायची. मिस्त्री सालपटं बघता बघता कधी त्या दोघींना बघायला लागले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. ओल्या टॉवेलवरून दोघी भांडल्या त्या दिवशी ते सोफ्यावर जवळजवळ उभे राहिले. "अगं, हे तर आपलंच घर आहे!" असं बायकोला म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी लेकीला स्वतःहून फोन करून विचारलं, "तुझ्या तिला चहा साखरेचा लागतो की बिनसाखरेचा?" पलीकडे लेक ढसाढसा रडली. बिनसाखरेचा लागतो, हे तिला सांगताच येईना.

म्हणजे बघा, मालिका कसली, मिस्त्रींच्या घरावर उपकारच होते ते. आणि म्हणूनच पुढे जे झालं ते त्यांच्या जिव्हारी लागलं. तिसऱ्या पर्वात डॉक्टरणीची स्मृती गेली. ती परत आली तोच तिची जुळी बहीण उगवली. मग त्या जुळीने दवाखाना पेटवला. आणि सुतारीण? तिने हत्यारं खाली ठेवली ती ठेवलीच. आता ती उंची कपडे घालून फक्त जिन्यावर बसून रडते. वर्षभरात बाईने एक खिळा ठोकलेला नाही. "ज्या दोघींनी मला शहाणं केलं, त्यांचं असं मातेरं करतात म्हणजे काय!" असं म्हणत मिस्त्री दर आठवड्याला नेमाने टीव्हीसमोर बसायचे आणि नेमाने संतापायचे. बघणं सोडवत नव्हतं. घरचं माणूस वाया गेलं म्हणून कोणी त्याच्याकडे बघायचं थांबतं का?

तर आज लेकीचा फोन आला होता. "बाबा, आम्हाला तुम्हाला काही सांगायचंय. पण आधी मालिका बघू. आजचा भाग चुकवायचा नाही हं."

"लग्नाचं बोलणार त्या," बायको म्हणाली. "तुमचं तोंड वाकडं दिसलं ना, तर ती पोर पुन्हा आपल्या घरात पाऊल टाकायची नाही. मग बसा दुरुस्त करत खुर्च्या."

त्या पोरीला हे घर आपलं वाटावं, एवढी एकच इच्छा होती मिस्त्रींची. त्यासाठी जीभ चावायची वेळ आली तरी चालेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

संध्याकाळी दोघी आल्या. पाहुणी उंच, बारीक केसांची, लाजरी. खांद्याला एक जडशीळ पिशवी. "नमस्कार काका, नमस्कार काकू," म्हणाली, चहा घेतला (बिनसाखरेचा, मिस्त्रींनी स्वतः केलेला), आणि मग वाकून टेबलाच्या खाली बघायला लागली.

"काही पडलं का?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही नाही. सहज."

"बरं. आणि तू काम काय करतेस?"

"स्टुडिओत आहे काका. पडद्यामागे."

"वा वा," मिस्त्री म्हणाले. डोळ्यांसमोर त्यांना एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि फायली दिसल्या. आणखी विचारणार तोच मालिकेचं संगीत वाजलं. लेक आणि पाहुणी सोफ्यावर सरसावून बसल्या. बायकोने आपली खुर्ची मिस्त्रींच्या शेजारी अशी ओढून घेतली, की चिमटा काढायला हात पुरावा.

आज डॉक्टरीण आणि सुतारणीचं लग्न होतं. इतक्या वर्षांनी! मिस्त्रींचाही ऊर जरा भरून आला. आणि पहिल्याच दृश्यात सुतारणीने हातात रंधा घेतला! मिस्त्री पुढे सरकले. बाईने फळीवर रंधा टेकवला, आणि मारला तो लाकडाच्या उलट्या रेषेने, फळी ओरबाडून निघेल असा. पांढरेशुभ्र कपडे घालून, उलट्या रेषेने!

मिस्त्रींच्या घशातून म्हशीसारखा आवाज निघाला. बायकोने चिमटा काढला. मिस्त्रींनी डोळे गच्च मिटून घेतले, कारण बघितलं असतं तर बोलले असते. नेमका त्याच क्षणी पडद्यावर डॉक्टरणीने सुतारणीचा हात हातात घेतला होता. मिस्त्रींनी डोळे उघडले तेव्हा पाहुणी त्यांच्याकडे बघत होती.

ते ओशाळं हसले. ते हसणं बहुतेक फारच वाईट दिसलं असावं, कारण पाहुणीने लेकीचा हात सोडला.

मग पडद्यावर सह्या झाल्या, फुलं उधळली गेली, आणि दोघींनी एकमेकींना जवळ घेतलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मिस्त्रींना दिसला पडद्यावरच्या दोघींमागचा पलंग! सुतारणीने आपल्या लग्नासाठी स्वतः केलेला पलंग म्हणे. सांधे इतके सैल, की मधून बोट जाईल. स्क्रूंची डोकी बाहेरून चमकतायत. मिस्त्रींनी मान वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिकडे फक्त कॅलेंडर होतं, ते वाचायला लागले.

"हा तू माझ्यासाठी केलास?" पडद्यावर डॉक्टरीण गहिवरून विचारत होती.

"आपल्या दोघींसाठी," सुतारीण म्हणाली. "जन्मभर टिकेल."

मिस्त्रींच्या तोंडात चहाचा घोट होता. तो नाकातून बाहेर आला. ते ताडकन उठले आणि कपासकट स्वयंपाकघरात निघून गेले.

लेक पाठोपाठ आली. चेहरा उतरलेला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही."

"मग उठून का आलात?"

"पाणी प्यायला."

"हातात चहा आहे तुमच्या."

"चहानंतर पितो."

"बाबा, खरं सांगा. बघवत नाही ना तुम्हाला?"

आता यावर काय बोलणार? बघवत नव्हतंच. पण बोलायची बंदी. "तुझ्या आईला विचार," मिस्त्री म्हणाले. "मला बोलायला मनाई आहे."

"आई!" लेक ओरडली. "तू बाबांना बोलायला मनाई केलीस?"

"केली, मग!" बाहेरून ठसक्यात उत्तर आलं. "त्यांच्या मनातलं बाहेर पडलं असतं, तर तुम्ही दोघी दारातूनच परत गेला असतात!"

लेक मटकन स्टुलावर बसली. "म्हणजे इतकी वर्षं... तो साखरेचा फोन... सगळं वरवरचं होतं?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात पाहुणी आली. जडशीळ पिशवी पुन्हा खांद्यावर चढली होती. "आपण निघू या का?" ती लेकीला हळूच म्हणाली. "काकांना त्रास नको. मी रागावले नाहीये, खरंच."

त्या 'खरंच'ने मिस्त्रींचं काळीज हललं. चुलीत गेली मनाई!

"अगं थांब!" ते गरजले. कपातला उरलेला चहा त्यांच्याच सदऱ्यावर सांडला. "तू कुठे निघालीस? त्या दोघींबद्दल माझी काय तक्रार असणार? त्यांनी लग्न करावं, सुखाने नांदावं, डोकी पांढरी होईपर्यंत टॉवेलवरून भांडावं! त्यांच्यामुळेच तर मला माझ्या लेकीशी बोलता आलं! पण तो पलंग! तो पलंग आहे की फळांची पेटी? सुतारीण म्हणवते आणि लग्नाच्या पलंगाला बाहेरून स्क्रू मारते? मालिकेने आधीच दोघींची रया घालवली, आता सुतारकाम तरी राहू द्यायचं! ज्याने कुणी तो पलंग केलाय ना, त्याला माझ्या कारखान्यात घेऊन या. महिनाभर नुसता भुसा झाडायला लावतो!"

लेकीचा चेहरा आधी उजळला, मग पांढरा पडला, आणि मग तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

पाहुणीने पिशवी खाली ठेवली. आत लोखंड खणखणलं.

"काका," ती म्हणाली, "तो मी केलाय."

मिस्त्रींनी कप ओट्यावर ठेवला. म्हणजे ठेवायला गेले, तो सिंकमध्ये पडला.

"मी तिथे सेटचं सुतारकाम करते," पाहुणी अपराध्यासारखी सांगायला लागली. "पुढच्या भागात जुळी बहीण येऊन त्या पलंगावर बसते आणि तो कोसळतो. नटीला लागता कामा नये, आणि पाच मिनिटांत परत उभा करता आला पाहिजे. म्हणून सांधे सैल आणि स्क्रू बाहेरून. नीट मोडावा म्हणून तीनदा केला काका."

"आणि मी म्हटलं, बाबांना केवढं कौतुक वाटेल!" लेक म्हणाली. "म्हणून तर आजचा भाग दाखवायचा होता."

मिस्त्री एवढे कानकोंडे झाले, की त्यांना पुन्हा एखादी धडधाकट खुर्ची दुरुस्त करावीशी वाटली. शेवटी कसंबसं म्हणाले, "आणि तो रंधा?"

"रंधा त्या नटीने मारला हो!"

"उलट्या रेषेने!"

"उलट्या रेषेने काका! मी ओरडले म्हणून मला सेटवरून बाहेर काढलं!"

"पहिल्या पर्वात काय सालपटं पडायची!"

"ते माझ्या आधी सेटवर सुतारकाम करणाऱ्या बाईंचे हात. जवळून दिसायचे ते हात त्यांचेच. त्या सोडून गेल्या, आणि आता लेखकांना जुळ्या बहिणीशिवाय काही सुचतच नाही."

मग काय विचारता! दोघं ओट्याला टेकून मालिकेवर असे तुटून पडले, की बाहेर भाग कधी संपला ते कुणाला कळलं नाही. मिस्त्रींना वर्षभरात एवढं बरं वाटलं नव्हतं. जिन्यावरच्या रडण्याची पाहुणीने हुबेहूब नक्कल केली, तेव्हा तर बायकोसुद्धा पोट धरून हसली.

हसणं ओसरल्यावर लेक म्हणाली, "बाबा, आता तरी सांगू? आम्ही दोघी लग्न करतोय."

मिस्त्रींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते लपवलंही नाही. दोघींना जवळ घेतलं (सदऱ्यावरचा चहा दोघींना लागला), आणि म्हणाले, "तुमच्या लग्नाचा पलंग मी करणार! अस्सल लाकूड. एक स्क्रू नाही, एक खिळा नाही. सगळे सांधे असे, की..."

"हो म्हण बाळ," बायको पाहुणीला म्हणाली. "पण तोवर एखादा विकतचा आणून ठेवा. आमच्या लग्नात ह्यांनी मला हेच वचन दिलं होतं. अगदी याच शब्दांत. लेक लग्नाची झाली, आम्ही अजून प्लायवुडवर झोपतोय."

"अगं, गिऱ्हाइकांची कामं..." मिस्त्री म्हणाले.

पण पाहुणी झोपण्याच्या खोलीत पोचलीसुद्धा होती. तिने पलंगावर नुसता तळवा टेकवला, आणि पलंग असा कण्हला की मिस्त्रींनी खाली बघितलं. तिने वाकून पलंगाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी काढली, हातात धरून जरा वेळ बघितली आणि शहाण्या मुलीसारखी काही न बोलता परत सरकवली.

"काकू," ती म्हणाली, "मी करून देऊ का? पुढच्या आठवड्यात होईल."

"न मोडणारा हं," बायको म्हणाली, आणि लगेच गादी उचलायला लागली. पाहुणीने पिशवीतून टेप काढली. लेकीने मापं लिहून घ्यायला मोबाइल काढला. तिघी कशा कामाला लागल्या, बघत राहावं! मिस्त्री दारात उभे राहिले. इतक्या वर्षांचा कारखाना, गावभर नाव, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही. शेवटी टेपचं दुसरं टोक धरायला माणूस कमी पडला, तेव्हा त्यांना आत बोलावण्यात आलं. आणि तेही त्यांच्या हातून दोनदा निसटलं.