न बघता छापलेले एकतीस कागद

छापणं ही काही अवघड गोष्ट नाही, असं माझं ठाम मत होतं. अकरा वर्षं मी राजधानीत एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. बत्तीस वाद्यांचे बत्तीस कागद छापायचे, त्यात काय एवढं! तासाभरात उरकते, असं मी क्रेसेन्सिया आत्याला सांगून टाकलं.

"तुझा बाप दोन दिवस लावायचा," ती मक्याचं पीठ मळता मळता म्हणाली.

"बाबा हौशी होते, आत्या."

"आणि तू गं?"

"मी शिकलेली आहे!"

बाबा गावच्या बँडसाठी धुना रचायचे, त्यात ट्यूबा वाजवायचे आणि सगळ्यांचे कागदही स्वतःच छापायचे. आमच्या डोंगरात माणसं आधी सूर वाचायला शिकतात, मग अक्षरं. शेवटच्या आजारात त्यांनी अंथरुणात बसून एक शोकधून लिहिली. कुणासाठी? स्वतःसाठी! माणूस गेल्यावर नवव्या दिवशी घरातला क्रूस उचलून थडग्यावर नेतात, तेव्हा वाजवायला. "नीट छाप, ओब्दुलिया," ते म्हणाले होते. "मी बघायला नसेन." क्रूस एकदाच उचलतात. दुसरी संधी नाही.

त्यांचा संगणक म्हणजे एक म्हातारं खेचर. माउस कधीच मेलेला. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, तेव्हा ते हलायचं. छापण्यासाठी बाबांनी स्वतःची एक आज्ञा रचून ठेवली होती. तिचं नाव 'बघ'. ती दिली की पान कागदावर जसं उमटणार तसंच आधी पडद्यावर यायचं आणि खाली प्रश्न यायचा: 'पाहिलंस का?' 'हो' टाइप केल्याशिवाय छपाईयंत्राला काही कळवायचंच नाही! मग बाबा चष्मा पुसायचे आणि लग्नाला निघालेल्या पोरीला आई न्याहाळते तसं पान वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे. बत्तीस वेळा! पंधरा वर्षांत त्यांचा एक कागद वाया गेला नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी बसले. पहिला कागद ट्यूबाचा. पान आलं. 'पाहिलंस का?' मी 'हो' म्हटलं. कागद सुरेख निघाला.

पण त्या प्रश्नाकडे आणखी एकतीस वेळा बघणं मला जमेना. बाबा अगदी याच शब्दांत विचारायचे. दात घासल्यापासून गृहपाठापर्यंत.

मी 'बघ' बाजूला ठेवलं आणि साध्या आज्ञेनं उरलेले एकतीस कागद एका दमात छापले. वीस मिनिटांत! गठ्ठा बांधून पाठवूनही दिला.

तालीम वगैरे आमच्याकडे नसते. वाचता येतं ना, मग तालीम कसली! कपड्यांच्या चिमट्यानं पुढच्याच्या पाठीवर कागद लावायचा आणि वाजवत सुटायचं. थडग्यापाशी बँडच्या फिदेन्सियो मास्तरांनी हात उचलला आणि धून सुरू झाली. इतकी देखणी, की आत्या रडायचं विसरली.

आणि मग, शेवट जवळ आला तेव्हा, कॉर्नेटवाल्यांनी वाद्यं खाली केली.

मला वाटलं, थुंकी झटकत असतील. मग सॅक्सोफोन थांबले. मग ट्रॉम्बोन. मग ढोल! मी वाकून एका क्लॅरिनेटवाल्याच्या पुढची पाठ वाचली. कागदाची शेवटची ओळ कापली गेली होती! प्रत्येक वाद्याची ती ओळ वेगळ्या जागी सुरू होत होती, म्हणून एकेक करून थांबत होते. पुरात बुडालेल्या माणसांचे हात दिसावेत तशा सुरांच्या नुसत्या काड्या वर आलेल्या.

"अहो, पुढे आहे! अजून आहे!" मी कुजबुजले.

"शू! इथं थांबायचंय," तो म्हणाला आणि त्यानंही क्लॅरिनेट खाली केलं.

उरला एकटा ट्यूबा. बाबांच्या जागी उभे असलेले वेन्सेस्लाओ काका डोळे मिटून बारा मात्रा एकटेच वाजवत राहिले. मग तेही थांबले. दफनभूमीत पान हलेना.

मी पळून जायच्या बेतात होते, तेवढ्यात मास्तर वळले. गालांवरून पाणी ओघळत होतं.

"तीस वर्षं सांगत आलो या गाढवाला!" ते थडग्याकडे बघून ओरडले. "एवारिस्तो, तुला थांबता येत नाही! प्रत्येक धून झांजांच्या दणक्यानं संपवतोस! आणि आज? एकेक करून सगळे निघून गेले आणि मागे राहिला याचा ट्यूबा! काय डोकं होतं हो माणसाचं!"

बत्तीस जणांनी टोप्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वाद्यांचं एकत्र शेवटचं पान 'बघ' वापरून अख्खं छापलं आणि मास्तरांच्या दारात उभी राहिले. "मास्तर, चूक माझी. संगणक आपणहून परदेशी मापाचं पान धरतो. आपला कागद त्याहून बोटभर आखूड. बाबांच्या आज्ञेला हे माहीत होतं, मी तिला विचारलंच नाही. खरा शेवट हा आहे."

मास्तरांनी पान वाचलं, गुणगुणून पाहिलं. शेवटी झांजांचा दणका होताच.

"हा आधीचा खर्डा," ते म्हणाले.

"खर्डा नाही हो!"

"पोरी, एवारिस्तोनं न बघता एक तरी कागद बाहेर सोडला का कधी?"

"त्यांनी नाही, पण मी..."

"मग झालं तर!" त्यांनी पान घडी करून मला परत दिलं. "पलीकडच्या चार गावांना धून हवी आहे. कालसारखीच दे हं. तुझ्या अकलेनं काही दुरुस्त करू नकोस."

तर सध्या मी हेच करत बसले आहे. चार गावं, प्रत्येकी एकतीस कागद, म्हणजे एकशेचोवीस चुका नेमक्या त्याच जागी करायच्या आहेत! मुद्रितं तपासणाऱ्या बाईवर अशी वेळ कुणी आणू नये. एकेक पान पडद्यावर आणते, चष्मा पुसते आणि ओळ बरोबर तिथंच तुटते आहे ना, ते तपासते. एखादी चूक चुकली, तर बाबांचं नाव जाईल!