दोन ते चारची टेकडी

"दुपारी झोपणारा माणूस स्वतः तर बुडतोच, पण समाजालाही घेऊन बुडतो!" असं अध्यक्षांनी आरामखुर्चीत बसता बसता जाहीर केलं, वर्तमानपत्र छातीवर उघडलं, आणि समाजासकट बुडाले. दोनचे ठोके पडून गेले न गेले तोच पहिलं घोरणं ऐकू आलं.

अध्यक्ष म्हणजे एका चार मजली इमारतीच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष. निवृत्तीनंतरही माणसाच्या हाताला सहीची सवय राहते, ती भागवायला काहीतरी लागतं. त्यांना समिती मिळाली होती. दुपारच्या झोपेवरचा हा राग मात्र जुना नव्हता, गेल्या महिन्यातला होता. झालं असं, की एका दुपारी गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहू लागली. पंपाच्या खोलीची किल्ली अध्यक्षांकडे. वॉचमनने बेल वाजवली, फोन केला, शेवटी खाली उभं राहून हाका मारल्या. तोवर पाणी जिन्याने उतरलं, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बँकवाल्यांच्या दाराखालून आत शिरलं आणि त्यांच्या नव्याकोऱ्या गालिच्यावर मुक्कामाला राहिलं.

बँकवाले जन्मभर बँकेत होते. गालिचा एकवेळ ते विसरले असते, पण त्यावर साचलेलं व्याज विसरणाऱ्यातले ते नव्हते.

"टाकी वाहत होती तेव्हा अध्यक्ष काय करत होते?" असा सवाल त्यांनी जिन्यात, लिफ्टमध्ये आणि कचऱ्याच्या डब्यापाशी, जो भेटेल त्याला विचारला.

"वाचत होतो," अध्यक्षांनी उत्तर दिलं. "गाढ वाचनात होतो."

आणि आता समितीची निवडणूक तोंडावर आली होती, बँकवाले उभे होते, आणि अध्यक्ष दुपारी झोपतात की वाचतात यावर सगळा डोलारा उभा होता.

अध्यक्षांच्या पत्नीला, म्हणजे सगळ्या इमारतीच्या वहिनींना, टाकीच्या त्या दुपारी बेल ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या गोधडीच्या क्लासात नाव घालायला गेल्या होत्या. क्लासात तिला क्विल्ट म्हणत. घरी गोधडी.

"गोधडी शिवायला क्लास?" अध्यक्ष म्हणाले होते. "उद्या जांभई द्यायला क्लास लावशील!"

"त्याची गरज नाही, घरातच शिकवणी आहे," वहिनी म्हणाल्या आणि कात्री धार लावायला देऊन आल्या.

क्लासच्या मॅडमनी मोठी गोधडी पहिल्याच दिवशी बाद केली. रोज एकच तुकडा करायचा, हातरुमालाएवढा. विषय एकच, वेळ एकच, जागा एकच. तुकडा त्याच दिवशी पुरा करून भिंतीवर टाचायचा. चुकला तर उसवायचा नाही; दुसऱ्या दिवशी तोच विषय पुन्हा करायचा. हात असाच शिकतो, मॅडम म्हणाल्या. आणि विषय शक्यतो न हलणारा घ्या.

वहिनींनी न हलणारा विषय शोधायला सुरुवात केली. खिडकीतली कुंडी घेतली, तर वाऱ्याने पानं हलत होती. चहाची किटली घेतली, तर कापड कापेपर्यंत ती कुणीतरी उचलून नेली. शेजारचं मांजर घेतलं, ते कात्री पाहूनच उठलं. वहिनी वैतागून वळल्या. घड्याळात दोन वाजले होते. समोर आरामखुर्ची होती. घरभर शोधूनही सापडली नसती इतकी अढळ वस्तू त्या खुर्चीत ठेवलेली होती, आणि चारपर्यंत तिच्याकडून कसलाही धोका नव्हता.

पहिल्या तुकड्यात वहिनींनी काही म्हणून सोडलं नाही. चष्मा, वर्तमानपत्र, शर्टाच्या गुंड्या, खुर्चीचे पाय, अध्यक्षांच्या पायातल्या स्लिपर, सगळं कापडातून कापून शिवलं. टाके कुठे घट्ट, कुठे सैल. कोपरे एकमेकांशी अबोला धरल्यासारखे. नवरा शिवायला घेतला होता, झालं होतं प्रवासाला निघालेलं सामान.

चार वाजता अध्यक्ष उठले. भिंतीपाशी गेले. चष्मा वर्तमानपत्रात कुठेतरी राहिला होता, पण कलेकडे पाहायला तो लागतो असं त्यांना वाटत नसे.

"वा!" ते म्हणाले. "टेकडी!"

वहिनींच्या तोंडात दोरा होता. तो काढून बोलेपर्यंत अध्यक्ष पुढे सरकले होते. "छान चढ घेतलाय. पायथ्याशी जरा गर्दी वाटते. कुठली ही?"

"रोज समोर असते ती," वहिनी म्हणाल्या.

खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसायची. पण अध्यक्षांनी समजूतदारपणे मान हलवली. कलाकाराला भिंतीपलीकडचं दिसतं, हे त्यांना कुठल्याशा भाषणासाठी पाठ होतं. त्यांना दोष तरी काय द्यायचा? स्वतःची झोप पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

रोज दोन वाजता वहिनी बसत, चार वाजता तुकडा टाचत. मॅडम भिंतीचे फोटो मागवून घेत आणि दर वेळी एकच सांगत. "फार बोलताय. कमी करा." वहिनींनी आधी स्लिपर सोडल्या. मग खुर्चीचे पाय गेले. गुंड्या गेल्या, चष्मा गेला, वर्तमानपत्राचा नुसता एक करडा पट्टा उरला. आधी त्या खडूने रेघ मारून कापायच्या. मग रेघ न मारता कात्री चालवू लागल्या. धावदोऱ्याचे टाके वर जाताना दाट आणि खाली येताना विरळ घातले, की कापड श्वास घेतल्यासारखं दिसतं, हा शोध त्यांचा त्यांनाच लागला. त्या दिवशी त्या चहा प्यायच्या विसरल्या.

एका रविवारी अध्यक्षांची बहीण आली. भिंतीसमोर उभी राहिली, सुरुवातीच्या तुकड्यांवरून नुसती नजर फिरवली आणि शेवटच्या तुकड्यापाशी किंचाळली, "अगं बाई, दादा!"

"हळू, वन्सं!"

"त्याला माहीत आहे?"

"टेकडी म्हणतात ते."

"म्हणू दे बिचाऱ्याला. पण काय गं, या पहिल्यांत चष्माबिष्मा सगळं आहे आणि कोण आहे ते कळत नाही. आणि ह्यात बघ, एक तपकिरी उंचवटा आणि एक पट्टी. नुसता दादा आहे!"

तेवढ्यात दादा स्वतः बाहेर आले. "काय, आवडली का टेकडी?"

"लहानपणापासून ओळखते मी तिला," वन्सं म्हणाल्या आणि पदरात तोंड खुपसून स्वयंपाकघरात पळाल्या.

बहिणीचे डोळे पाण्याने भरलेले अध्यक्षांनी पाहिले. कलेचा असा परिणाम होत असेल तर ती घरात कोंडून ठेवणं बरं नव्हे, विशेषतः निवडणुकीच्या आठवड्यात. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं: मतदानाच्या सभेला सगळे तुकडे खालच्या सभागृहात लावायचे. बँकवाल्यांकडे मतदारांना दाखवायला होतं काय? ओला गालिचा.

"अहो, नको," वहिनी घाबरल्या. "मी अजून शिकतेय."

"शिकणाऱ्याने लोकांपुढे जायलाच हवं."

"ऐका तरी. ती टेकडी नाहीये हो."

"बस!" अध्यक्षांनी हात वर केला. "कलाकाराने अर्थ सांगू नये. तो रसिकाने लावायचा असतो."

वहिनींनी आणखी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा रसिक आडवा आला. मग त्यांनी तुकडे मुकाट्याने इस्त्री करून दिले.

सभेच्या सकाळी वॉचमनने सभागृहात दोरी बांधली आणि चिमट्यांनी एकेक तुकडा ओळीत लावला. लावता लावता तो गाणं गुणगुणत होता. शेवटच्या चारपाच तुकड्यांपाशी आल्यावर मात्र त्याने गाणं थांबवलं आणि सवयीने पावलं न वाजवता शिडीवरून उतरला.

संध्याकाळी माणसं जमली. एरवी या सभेत पहिल्या पाच मिनिटांत खुर्च्या सरकवल्या जात आणि मागच्या पाच वर्षांची भांडणं पुढे येत. पण आज जो दारातून आत आला तो दोरीकडे बघून जागच्या जागी हळू झाला. लोक कुजबुजत बसले. कुणाला खोकला आला तर त्याने तो बाहेर जाऊन खोकला. अध्यक्षांचा ऊर भरून आला. इतकी शांतता त्यांना या सभागृहात पूर्वी मागूनही मिळाली नव्हती.

"मित्रहो," ते उभे राहिले. "ही टेकडी पाहा. ऊन असो, वारा असो, टाकी वाहो. ही हलत नाही! माझ्यात आणि हिच्यात मी काहीच फरक मानत नाही."

सभागृहात याला कुणाचाच विरोध दिसला नाही. मागे कुणीतरी रुमाल तोंडात कोंबला.

बँकवाले उठले. ते दोरीच्या सुरुवातीला गेले, कारण हिशेब पहिल्यापासून तपासायची त्यांना सवय होती.

"अध्यक्ष, टेकडीला चष्मा कशाला लागतो?"

"कुठे आहे चष्मा?"

"हा काय. आणि टेकडीच्या पायात स्लिपर?"

अध्यक्षांनी खिशातून चष्मा काढला, चढवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बायकोच्या कामाकडे नीट पाहिलं. पहिला तुकडा पाहिला. दुसरा पाहिला. दोरीच्या कडेकडेने ते चालत गेले, तसतशी त्यांची चाल मंदावत गेली. शेवटच्या तुकड्यात चष्मा नव्हता, स्लिपर नव्हत्या, काहीसुद्धा नव्हतं, आणि ते मात्र अख्खेच्या अख्खे होते.

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी पायाखालची फरशी बघत होत्या.

"मंडळी, हा पुरावा आहे!" बँकवाल्यांचा आवाज चढला. "रोजचा, ताजा पुरावा! माझ्या गालिच्यावर पाणी आलं तेव्हा हे गृहस्थ..."

"अहो, हळू!" रात्रपाळी करणाऱ्या नर्सबाई पुढच्या रांगेतून नकळत बोलून गेल्या. "उठतील ना ते!"

त्यांनी बोट तुकड्याकडे केलं होतं. सभागृह हसून फुटलं. ज्यांनी आतापर्यंत खोकला बाहेर नेला होता ते आत हसत होते. अध्यक्ष तेवढे तसेच उभे होते. आपण संपलो, हे त्यांना हशाच्या पहिल्या लाटेतच कळलं होतं.

हशा ओसरल्यावर नर्सबाईच उठल्या. "बँकवाले, तुम्ही नाही ना झोपत दुपारी?"

"कधीच नाही!"

"ते माहितीये आम्हाला. मी रात्रभर ड्यूटी करून येते. परवा अडीच वाजता माझी बेल वाजवून, चपला वाकड्या ठेवल्यात म्हणून कोणी सांगितलं?"

"नियम आहे तसा."

"आणि आमचे कपडे ठिबकतात म्हणून तीन वाजता कोण आलं?" पहिल्या मजल्यावरच्यांनी विचारलं. "आणि मिक्सरचा आवाज?" "आणि माझ्या सायकलची घंटी?"

बँकवाले खाली बसले. अध्यक्ष दुपारभर झोपतात, म्हणजे तेवढा वेळ ते कुणाचं काही वाईट करू शकत नाहीत, हा मुद्दा राज्यकारभाराच्या कुठल्याच अभ्यासकाला सुचला नसेल. तो इमारतीला एका क्षणात पटला. पंपाची किल्ली वॉचमनकडे द्यावी असा ठराव झाला आणि मग हात वर करायला सांगण्यात आलं. बँकवाल्यांच्या बाजूने दोन हात वर झाले. दोन्ही त्यांचेच होते.

अध्यक्ष निवडून आले, पण घरी येताना जिना पराभूत माणसासारखा चढले.

"टेकडी!" ते खुर्चीत न बसता म्हणाले. "सगळ्या इमारतीला माहीत, आणि मला टेकडी!"

"मी सांगत होते."

"आणि निवडून दिलं ते कशासाठी? तर मी काही करत नाही म्हणून! इतकी वर्षं राबलो ते?" मग ते ताठ झाले. "ठीक आहे. उद्यापासून दोन ते चार मी जागा राहणार. टक्क जागा. बघच तू."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ते खुर्चीत बसले. वर्तमानपत्र नाही, डोळे उघडे. समोर वहिनी कापडं घेऊन बसल्या. त्यांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, बराच वेळ पाहिलं. खडू हातात घेतलाच नाही. कात्री सरळ कापडात घातली आणि एका दमात वळवली. तोच उंचवटा, जसाच्या तसा, त्यांच्या हातून खाली उतरला. टाचण्या लागल्या. सुई आत गेली, बाहेर आली. तिच्यामागून दोरा निमूट चालत गेला.

अध्यक्ष बघत राहिले. या बाईचा हात असा चालतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अशा नजरेने ती आपल्याकडे बघते, हेही नव्हतं. ती असं बघत असताना आपण रोज नेमके गैरहजर होतो.

"इतके दिवस," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तू माझ्याकडे असं बघत होतीस?"

"दुसरं कोण होतं समोर?"

अध्यक्ष खुर्चीत सावरून बसले. आजवर केलेल्या सगळ्या भाषणांत जे सापडलं नव्हतं ते आता ओठांवर येतंय असं त्यांना वाटलं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला.

"खरं सांगू? माणूस जन्मभर स्वतःला शोधत हिंडतो, आणि..."

"अहो."

"काय?"

"बोलू नका ना," वहिनी सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "पोट हलतं."