बळीराम गजभिये व कुटुंब

छत्तीसगढी मुलखातल्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत ज्याला फॉर्म भरता येत नाही तो बळीरामजींकडे येतो, आणि ज्याला येतो तोही खात्रीसाठी एकदा त्यांना दाखवून जातो. कुटुंबाच्या फुकट प्रवासाचा रेल्वे पास असो, मेडिकल कार्ड असो, पोरांच्या परीक्षेचा अर्ज असो. बळीरामजी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात, निळं पेन दोनदा झटकतात आणि ठळक अक्षरांत सुरू होतात. मालगाडीचे गार्ड म्हणून तेहेतीस वर्षं झाली. कागदावर त्या पदाला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण कॉलनीत गार्ड तो गार्डच. या तेहेतीस वर्षांत गाडी कधीमधी उशिरा पोचली असेल, रकाना मात्र त्यांच्या हातून एकही रिकामा राहिला नाही.

फक्त एका माणसानं त्यांच्याकडून फॉर्म भरून घेणं बंद केलं होतं. ती म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, रोशनी. ती पाच वर्षांची असल्यापासून पासाच्या फॉर्मवर ते तिच्याबद्दल एकच ओळ लिहीत आले होते: 'रोशनी, मुलगी, अवलंबित'. पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी आणलेला रेल्वेभरतीचा फॉर्म तिनं हळूच घडी घालून परत केला. "बाबा, मले गानं कराचं आहे," म्हणाली. तेव्हापासून ती सकाळी दुर्गच्या एका शाळेत गाणं शिकवायची आणि दुपारी बँड. बापाच्या निळ्या पेनाला त्या घरात लेकीपुरतं तरी काही काम उरलं नव्हतं.

बँडमध्ये माणसं तीन. गाणारी रोशनी, गिटार वाजवणारा वैशाली नगरचा अंकुर, आणि एका लाकडी खोक्यावर बसून तेच खोकं दोन्ही हातांनी बडवणारा कुम्हारीचा धर्मेंद्र. नाव, लूप लाइन.

"लूप लाइन?" बळीरामजी दुखावले होते. "लूप लाइनीवर तं मालगाडी उभी करून ठेवतेत, दुसऱ्यायले पुढं जाऊ द्याले. नावच ठेवाचं तं मेन लाइन ठेव ना!"

"आमी दोन वर्सांपासून उभेच आहोत ना, बाबा. खोटं कावून लिवाचं?"

हे त्यांना पटलं. खोटी माहिती भरू नये हे त्यांचंच तत्त्व होतं.

मग रोशनीनं एक गाणं लिहिलं. चक्क घरच्या बोलीत. बाहेर ती हिंदीच बोलायची. मराठी म्हणजे आईबापाशी आणि ताटावर बसल्यावर. गाण्याची पहिलीच ओळ होती, 'थांबल्या गाडीलेबी खिडकी असते'. अंकुरला मराठी येत नाही. तो ऐकून म्हणाला, "मतलब पूरा समझा नहीं, पर रोना आ गया." झालं, गाणं पक्कं झालं.

स्टुडिओचं भाडं आवाक्याबाहेर, म्हणून रेकॉर्डिंग बळीरामजींच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत करायचं ठरलं. भिंतींना गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही, असं अंकुर कुठंतरी शिकला होता. रुक्माबाईंनी कॉलनीत फिरून अकरा गोधड्या गोळा केल्या. भर एप्रिल महिन्यात.

"अकरा गोधड्या?" शेजारची शालू दारात उभी राहिली. "पाव्हने येऊन राहिले का वो रुक्माबाई? रोशनीले पाहाले?"

"पाव्हने नाई, गानं येऊन रायलं," रुक्माबाई म्हणाल्या. शालूनं त्यातला पहिला शब्दच ऐकला, आणि संध्याकाळपर्यंत मुलगा नागपूरचा इंजिनियर असल्याचं कॉलनीला कळलं.

रविवारी सकाळी खोलीत पंखा बंद. स्वयंपाकघरात कुकर, मिक्सर, भांडं, सगळ्यांवर बंदी. रुक्माबाई कालचा चिवडा पुढ्यात घेऊन तोंड मिटून बसलेल्या, कारण तो चावला तरी आवाज जातो असा अंकुरचा हुकूम होता. सगळं जग गप्प झालं, पण मागचं यार्ड कोण गप्प करणार? गाणं रंगात आलं की तिकडे डब्याला डबा भिडायचा. धडाम! सहा वेळा गाणं सुरू झालं, सहा वेळा धडाम झालं. सातव्यांदा धर्मेंद्र खोक्यावरच आडवा झाला.

"अरे, मले इचाराचं ना!" बळीरामजी उठले. त्यांच्या आवाजात वेगळीच धार आली होती. त्यांनी यार्डात काम करणाऱ्या केवलरामला फोन लावला. हे दोघं वीस वर्षांचे दोस्त. एक नागपुरी बोलतो, दुसरा छत्तीसगढी, आणि दोघांनाही आपण एकच भाषा बोलतो असं वाटतं.

"ग्यारा बीस ले ग्यारा पैंतालीस," केवलराम म्हणाला; तेवढा वेळ यार्डात डबा हलणार नव्हता. "कुछु नइ हालय. फेर काबर पूछथस गा?"

"कावून इचारलं ते मंग सांगतो."

अकरा वीसला बळीरामजींनी दाराबाहेर उभं राहून खिडकीतून हिरवी झेंडी दाखवली. गाणं सुटलं. कानाला फोन, डोळे मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि मध्येच कोथिंबीरवाल्याला हातानं 'थांब, ओरडू नको' अशी खूण. या गडबडीत गाण्याचा एक शब्दही त्यांच्या कानात शिरला नाही. दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा म्हणताना, शेवटच्या कडव्याच्या आधी जो एका श्वासाचा विराम होता, नेमकं तिथं यार्डातून आलं, धडाम.

"अकरा एक्केचाळीस!" बळीरामजी भडकले. "चार मिन्टं आधी! केवलराम, अबे हे काय?"

आतून मात्र धर्मेंद्र ओरडत बाहेर आला. "काका, ये तो एकदम जगह पे गिरा है! इसको रखेंगे!"

आणि ते धडाम गाण्यात राहिलं.

आता गाणं इंटरनेटवर सोडायचं, तर एका कंपनीचा फॉर्म भरावा लागतो. त्याला पॅन आणि चालू बँक खातं लागतं. रोशनीचं खातं केवायसीवाचून अडकलेलं, अंकुरच्या पॅनवर त्याच्या आडनावाचे तुकडे झालेले, आणि धर्मेंद्रनं पॅन काढलंच नव्हतं. सगळी कागदपत्रं जिथल्या तिथं असलेला माणूस एकच होता, आणि तो बँडमध्ये नव्हता.

रोशनीनं बापाचा पॅन आणि खातं टाकून फॉर्म अर्धा भरला, गाणं चढवलं, तोच लोकलची वेळ झाली. "बाबा, तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तेवढा टाका. बाकी मी आल्यावर भरतो," म्हणत ती पळाली.

ओटीपी आला. बळीरामजींनी टाकला. आणि पडद्यावर उघडलं नवं पान. त्यावर नऊ रिकामे रकाने, प्रत्येकाच्या डोक्यावर लाल चांदणी, आणि कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ: दहा मिनिटांत फॉर्म रद्द होईल.

त्यांनी रोशनीला फोन केला. लोकलमध्ये रेंज नव्हती. नऊ मिनिटं उरली.

आता सांगा, जो माणूस दुसऱ्याचा रकाना रिकामा बघू शकत नाही, तो पोरीचा बघेल?

'मुख्य कलाकार'. पासावर पहिलं नाव कुटुंबप्रमुखाचं असतं; खातंही त्यांचंच. त्यांनी भरलं: 'बळीराम सीताराम गजभिये व कुटुंब'. 'सोबतचे कलाकार'. 'रुक्मा (पत्नी), रोशनी (मुलगी, अवलंबित)'. मग ते अडले. अंकुर-धर्मेंद्र कुटुंबात बसत नव्हते. पण पासाच्या नियमाप्रमाणे सोबत अटेंडंट, म्हणजे मदतनीस, नेता येतो. लिहिलं: 'अंकुर व धर्मेंद्र (अटेंडंट)'. 'गाण्याचा प्रकार' मध्ये मोठी यादी आली. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "रोशनीची आई, गानं कोनतं म्हनाचं?"

"मले काय मालूम? पोरायनं गायलं."

त्यांनी 'बालगीत' निवडलं.

'चौकोनी छायाचित्र'. मेडिकल कार्डासाठी काढलेला तिघांचा फोटो फोनमध्ये होता: निळा पडदा, मध्ये स्टुलावर रोशनी, दोन्ही बाजूंना आईबाप, तिघांचेही कान स्पष्ट दिसतील असे. तो चढवला. 'प्रकाशनाची तारीख'. उशीर कशाला? 'लवकरात लवकर'. एक मिनिट राखून त्यांनी बटण दाबलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना चहा गोड लागला. रोशनी परतली तेव्हा अभिमानानं म्हणाले, "फारम गेला. तू चिंता नको करू." रोशनीला वाटलं, तिनं भरलेला अर्धा फॉर्मच ओटीपीसरशी गेला, उरलेलं नाव-फोटो कंपनी पुढच्या आठवड्यात विचारेल. ती बिचारी त्यांच्या गळ्यात पडली.

चौथ्या दिवशी सहावीतल्या एका मुलीनं रोशनीला फोन दाखवला. "मिस, ये आपके पापा का बैंड है? मेरा छोटा भाई इसको सुनके सोता है."

घरी आल्यावर रोशनी ओरडली नाही, हेच वाईट झालं.

"बाबा, तुमी ओटीपी टाकनार होते."

"टाकला ना. पयले तोच टाकला."

"काका," तिच्यामागून आलेला धर्मेंद्र कळवळून म्हणाला, "मेरे को अटेंडेंट बना दिया?"

कंपनीचं उत्तर आलं: दुरुस्तीला एकवीस कामकाजाचे दिवस लागतील. आणि इकडे रायपूरच्या नव्या बँडांच्या कार्यक्रमाला गाण्याची लिंक पाठवायची शेवटची तारीख शुक्रवार. त्या कार्यक्रमासाठीच तर सगळा आटापिटा. दोन वर्षं लूप लाइनीवर उभं राहून पहिल्यांदा सिग्नल दिसत होता, आणि लिंक उघडली की दिसत होते तीन माणसं आणि सहा कान. दुसरी लिंक नव्हतीच; अंकुरनं डोळे मिटून तीच पाठवली.

बळीरामजींनी दोन दिवस कोणाचा फॉर्म भरला नाही. शालू पासाचा कागद घेऊन आली तर म्हणाले, "तूच भर." तिनं बाहेर जाऊन कॉलनीत सांगितलं की गार्डसाहेबांची तब्येत नाजूक आहे, नागपूरच्या इंजिनियरनं नकार दिला वाटतं. केवलराम धावत बघायला आला, आणि दोस्त गातोही हे गाण्यावरच्या नावावरून कळल्यानं हळूच म्हणाला, "का गा बळीराम, तैं गाना घलो गाथस? बीस बरस म बताए नइ!"

रविवारी फोन वाजला. फॉर्मवर नंबर बळीरामजींचाच होता.

"बलीराम गजभिये जी? मैं रायपुर से गीतांजली. इतने बैंड आए, सब दीवार के सामने मुँह फुलाए खड़े. आपकी फ़ोटो देखकर हमारी कमिटी पहले तो बहुत हँसी. फिर गाना लगाया, तो सब चुप. वो जो बीच में लोहा बजता है ना... आप लोग आएँगे ना?"

बळीरामजींनी चष्मा नाकावर ओढला. मी बँडमध्ये नाही, हे ओठांवर आलं होतं. पण रेल्वे खात्याच्या चौकशीत माणूस एक गोष्ट शिकतो: विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं.

"फ़ोटो में जो हैं, सब आएँगे?"

"आएँगे," बळीरामजी म्हणाले. "अटेंडेंट भी."

रोशनीनं कपाळावर हात मारला. "तुमी सांगतलं नाई का, तुमाले गाता नाई येत?"

"त्यायनं इचारलंच नाई."

बाप बघत होता, लेक आता रडेल. ती मात्र कोसळून हसायला लागली. दोन दिवसांनी त्या घरात कोणीतरी श्वास घेतला.

सराव सुरू झाला. रुक्माबाईंच्या हाती तांदूळ घातलेली प्लास्टिकची बरणी दिली. ती त्या अशा सफाईनं हलवू लागल्या की जणू खडे निवडतायत. आणि बळीरामजींकडे ते धडाम. धर्मेंद्र कामाच्या वर्कशॉपमधून मालकाला विचारून लोखंडाचा जाड पत्रा घेऊन आला. अख्ख्या गाण्यात त्यावर हातोडा एकदाच मारायचा. बळीरामजींनी घड्याळ लावून वेळ काढली: तीन मिनिटं एकावन्न सेकंद. रोज सराव, रोज तीन एकावन्न. एक सेकंद इकडेतिकडे नाही.

"काका, घड़ी मत देखो, गाना सुनो," अंकुर विनवायचा.

"गाड्या गान्यावर नाई चालत बापू, घड्याळावर चालतेत."

रायपूरचं मैदान संध्याकाळी भरलं होतं. निवेदिकेनं नाव पुकारलं, "बलीराम गजभिये और कुटुंब!" बळीरामजी ड्युटीच्या पांढऱ्या कपड्यांत, हातात हातोडा घेऊन ताठ उभे. रोशनीनं गायला सुरुवात केली. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मंचावरच्या दिव्यांत काच नुसती चकाकत होती. काटा दिसेना.

मग ऐकण्यावाचून इलाज उरला नाही.

झेंडी नव्हती, फोन नव्हता, कोथिंबीरवालाही नव्हता. पहिल्यांदाच ते पोरीचं गाणं ऐकत होते. त्यात एक माणूस होता. जंगलातल्या सिग्नलपाशी थांबलेल्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यात तो एकटा डबा उघडून पोळी खातो, आणि घरी त्याची मुलगी ताट वाढून त्याला विचारते, बाबा, तिथं खिडकी आहे ना? बळीरामजींना आठवलं. फोनवर ती असं विचारायची. सहा-सात वर्षांची असेल.

विराम आला. धडाम आलं नाही.

रोशनीनं मागं वळून बघितलं. अंकुरचा हात तारांवर थिजला. रुक्माबाईंची बरणी थांबली. मैदानभर शांतता, ती इतकी लांबली की मागं कोणाचं तरी मूल "खतम हो गया?" म्हणालेलं ऐकू आलं.

"अवं, मारा ना!" रुक्माबाई दातांतून म्हणाल्या. माईकमधून ते अख्ख्या रायपूरनं ऐकलं.

बळीरामजींनी दोन्ही हातांनी हातोडा उचलला आणि हाणला. धडाम! असा, की पहिल्या रांगेतली माणसं खुर्चीत उडाली. त्याच आवाजावर रोशनीनं शेवटचं कडवं उचललं, आणि मैदान शिट्ट्यांनी भरून गेलं. खाली उतरल्यावर गीतांजलीबाई म्हणाल्या, "वो जो रोक के रखा ना आपने, कमाल!" बळीरामजींनी हातोडा खाली ठेवला. हात कशासाठी थांबला, हे बाईंनी विचारलं नव्हतं; मग सांगायचं कशाला?

महिन्याभरानं दुसऱ्या गाण्याचा फॉर्म आला. रोशनी स्वतः भरत होती. बळीरामजी मागं पेपर धरून बसले होते, पान उलटत नव्हते. मुख्य कलाकार, लूप लाइन. त्याखाली रोशनी, अंकुर, धर्मेंद्र, रुक्मा. मग तिनं लिहिलं, 'बळीराम (वडील, अवलंबित)'.

पेपर खाली आला. चष्मा निघाला, पुसला गेला, पुन्हा चढला.

"हे चूक आहे," बळीरामजी म्हणाले. "माह्या रिटायरमेंटले अजून चौदा महिने आहेत. तवरिक मी अवलंबित होत नाई. नियमात बसत नाई."

रोशनीनं शब्द खोडला. "बरं. मंग चौदा महिन्यानं लिवतो."

"लिवजो," ते पेपर पुन्हा वर धरत म्हणाले. "पन विसरू नको. रिकामं नाई ठेवाचं."