जिराफाची रेकॉर्ड आणि एक दाढ

दाढ दुखली की माणसाने दातांच्या डॉक्टरकडे जावं, यात काही वावगं नाही. चष्मेवाल्यांची चूक एवढीच झाली की ते स्वतःच्या मेहुण्याकडे गेले, आणि तेही नेमके त्या सकाळी.

"अहो, आज नका जाऊ," बायको म्हणाली होती. "संध्याकाळी बोलायचंय ना तुम्हाला?"

"बोलायचंय म्हणूनच जातोय. दाढ ठणकत असली की माझा जोर कमी पडतो."

"मग ठणकू दे की," बायको म्हणाली आणि डबा भरायला लागली.

पण घरचा डॉक्टर असताना बाहेरच्याकडे कशाला जायचं, आणि संध्याकाळपर्यंत दाढेचा ताप कशाला सोसायचा, असा साधा सरळ विचार करून चष्मेवाले निघाले. (त्यांचे बहुतेक विचार साधे सरळच असत. भानगडी नंतर होत.)

हा जोर कशासाठी हवा होता ते सांगायला हवं. एका बँडसाठी. बँडचं नाव इथे मुद्दामच देत नाही. दिलं तर निम्मे वाचक तावातावाने उठून उभे राहतील, उरलेले निम्मे त्यांना खाली बसवायला उठतील आणि दाढ बाजूलाच राहील. तर पाच जणांचा हा बँड चष्मेवाल्यांच्या तरुणपणी फार गाजला. पहिल्या तीन रेकॉर्डी दणदणीत. दोन गिटार, ड्रम आणि बेंबीच्या देठापासून ओरडणारा गायक. मग त्यांच्यात एक ऑर्गनवाला आला आणि चौथी रेकॉर्ड निघाली. तिच्या कव्हरवर जिराफ होता आणि एका अख्ख्या बाजूवर बावीस मिनिटांचं एकच गाणं. चष्मेवाल्यांच्या मते बँड इथे मोठा झाला. मेहुण्याच्या मते इथेच त्याला कीड लागली. पुढे त्या पाच जणांचं आपसांत फाटलं, सहा वर्षं एकही रेकॉर्ड आली नाही. नंतर केस कापून पाचही जण परत आले, आणखी दोन रेकॉर्डी काढल्या आणि गप्प झाले. बँडचं भांडण मिटलं. चष्मेवाले आणि मेहुण्याचं मात्र दर रविवारी जेवणाच्या टेबलावर नव्याने सुरू होत असे.

या टेबलाच्या मधोमध बायको बसायची. ती एकाची बायको आणि दुसऱ्याची थोरली बहीण, त्यामुळे उठून जायची सोय नव्हती. नोकरी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर. दिवसभर लोक येऊन तिच्यावर डाफरत, ती सगळं ऐकून घेई आणि काहीही पदरात न टाकता प्रत्येकाला खूश करून परत पाठवी. हा हुन्नर तिने घरी कधीच वापरला नव्हता. चष्मेवाल्यांना वाटायचं, तिच्याकडे तो फक्त ऑफिसच्या वेळातच असतो.

गेल्या रविवारी मात्र जेवण तिसऱ्यांदा गरम करून आणल्यावर तिने डाव खाली ठेवला.

"एकदाच काय तो निकाल लावा. तुमच्या त्या रेकॉर्ड मंडळात दोघंही बोला, लोकांची मतं घ्या. ज्याची बाजू हरेल त्याने वर्षभर या बँडबद्दल चकार शब्द काढायचा नाही. घरात नाही, दारात नाही."

"कबूल, ताई," मेहुणा म्हणाला.

"एकदम कबूल," चष्मेवाले म्हणाले.

दोघांच्याही डोळ्यांसमोर दुसऱ्याचं मिटलेलं तोंड उभं राहिलं होतं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर चष्मेवाल्यांना घाम फुटला. दुकानात चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसाला अक्षरं वाचायला सांगता सांगता ते जिराफाच्या रेकॉर्डवर घसरत. बँडबद्दल बोलायचं नाही तर उरलेला दिवस कशावर बोलायचं, हे त्यांना खरोखरच सुचेना. जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

असो. आपण दाढेकडे येऊ. खुर्ची मागे झुकली, तोंडात कापूस कोंबला गेला आणि लाळ ओढणारी नळी गालात सुरसुरू लागली.

"नुसती भरायची आहे, भाऊजी. काढायला नको. दुखलं की हात वर करा," मेहुणा म्हणाला आणि त्याने एक इंजेक्शन दिलं. मेहुणा मनाने निर्मळ होता. बँडचा विषय सोडला तर त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. "आणि संध्याकाळी मी काय बोलणार ते आत्ताच सांगून टाकतो. मागून वार केला असं नको व्हायला."

चष्मेवाल्यांनी डोळ्यांनीच परवानगी दिली. दुसरं काही हलत नव्हतं.

"पहिल्या तीन रेकॉर्डी म्हणजे कसं, मूळ घट्ट, हिरडी मजबूत. चौथीत तो ऑर्गनवाला घुसला नि गायकाला कामच उरलं नाही."

हा धडधडीत खोटा आरोप होता. बावीसपैकी सतरा मिनिटं गायक गात असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. चष्मेवाल्यांचा हात ताडकन वर गेला.

"दुखलं? थांबा," मेहुणा कळवळून म्हणाला आणि त्याने आणखी एक इंजेक्शन दिलं.

चष्मेवाल्यांनी नाही नाही म्हणून मान हलवायचा प्रयत्न केला.

"मान हलवू नका, सुई आहे. हां, तर मी काय म्हणत होतो, त्यांचा तो ड्रमवाला. पहिल्या रेकॉर्डवर जे शिकला तेच त्याने जन्मभर वाजवलं. विकास वगैरे सगळं तुमच्या मनात आहे, भाऊजी."

हात पुन्हा वर गेला. मेहुण्याने पुन्हा सुई घेतली. "नस फार हळवी आहे हो तुमची," तो म्हणाला. त्यानंतर त्याने जिराफाला 'लांब मानेचा कंटाळा' म्हटलं, तेव्हा चष्मेवाल्यांनी दोन्ही हात वर केले. मेहुण्याचा चेहरा काळजीने उतरला. दोन्ही बाजूंना दुखतंय असं समजून त्याने दुसऱ्या गालातही एक देऊन टाकलं.

चष्मेवाले खुर्चीतून उतरले तेव्हा दाढ सुरेख भरली होती आणि या कानापासून त्या कानापर्यंतचा चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी होता. संध्याकाळपर्यंत उतरेल का, असं त्यांनी विचारलं. निदान त्यांच्या मनात तसं होतं. बाहेर जे पडलं ते ऐकून वेटिंग रूममधल्या बाई पर्स उचलून निघून गेल्या.

"रात्री झोपेपर्यंत मोकळं होईल," मेहुणा हात धुता धुता म्हणाला आणि मध्येच थबकला. "अरे देवा, आपलं तर संध्याकाळी आहे." तो मनापासून हळहळला. (ओठाच्या कोपऱ्यात जे दिसलं ते हसू होतं की नाही, यावर चष्मेवाले आजही ठाम नाहीत.)

घरी येऊन त्यांनी बायकोला सारी हकिकत सांगितली, म्हणजे नुसतेच स्वर काढले. तिला सगळं कळलं.

"इतकी वर्षं ऐकतेय तुमचं. शब्द नसले तरी चालतं मला," ती म्हणाली. "पण पुढे ढकलता यायचं नाही. पैज कळल्यापासून मंडळातल्या सगळ्यांच्या बायका यायला निघाल्यात. तुमच्या वतीने मी बोलते."

चष्मेवाल्यांनी भुवया उंचावल्या. तेवढ्या अजून त्यांच्या ताब्यात होत्या.

बायकोने घसा साफ केला. " 'मंडळी, जिराफाची मान लांब का असते? कारण त्याला वरचं दिसतं.' मग तुम्ही चष्मा काढता, पुसता आणि पुन्हा घालता. मग ऑर्गनवाला येतो. बरोबर?"

चष्मेवाले बघतच राहिले. त्यांची आजवरची समजूत अशी होती की आपण बोलायला लागलो की ही मनातल्या मनात वाणसामानाची यादी करते. आणि इथे तर तिला चष्मा पुसण्यासकट तोंडपाठ. त्यांना गहिवरून आलं. गहिवरामुळे आणि इंजेक्शनामुळे शर्टावर लाळ सांडली, ती तिने पदराने टिपली.

रेकॉर्ड मंडळाच्या सभा वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरत. एरवी जेमतेम नऊ माणसं यायची. त्या दिवशी खुर्च्या खालून आणाव्या लागल्या. अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर होते आणि कुठलंही गाणं मध्येच थांबवून 'हे पाहा, हे' असं म्हणायची त्यांना सवय होती. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मंडळाबद्दल काडीचंही प्रेम दिसत नव्हतं.

आधी मेहुणा बोलला. छानच बोलला. मूळ, हिरडी, कीड, सगळं आलं. मग बायको उठली. तिने जिराफाची मान लांब केली, ऑर्गनवाला आणला आणि चष्मा नसतानाही पुसला. लोक हसले, नंतर कान देऊन ऐकू लागले. गायक सतरा मिनिटं गातो हे तिने घड्याळाकडे बोट दाखवून असं काही सांगितलं की मेहुण्याची मान खाली गेली. टाळ्या पडल्या. चष्मेवाल्यांना वाटलं, जिंकलो. आपली बायको म्हणजे हिरा आहे, हे इतक्या वर्षांत आपण तिला एकदाही कसं म्हणालो नाही, असंही वाटलं. म्हणायला आता ओठ चालत नव्हते.

"ही झाली यांची बाजू," बायको खाली न बसता म्हणाली. "आता माझी ऐका."

चष्मेवाल्यांनी भुवया पुन्हा उंचावल्या.

"मी दिवसभर तक्रारी ऐकते, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकायची सवय आहे मला. माझा भाऊ म्हणतो, पहिल्या तीन रेकॉर्डींत जोर होता. होता. पण ते चौघंही एकमेकांच्या वर ओरडत होते. हे म्हणतात, चौथीत ते मोठे झाले. झाले. पण बावीस मिनिटं एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी आपली पाळी कधी येते याची वाट बघायची, तेही मी घरी बघते." मागच्या रांगेतून एक बाई खुदकन हसल्या. "मग आली ती सहा वर्षं. रेकॉर्ड नाही, मुलाखत नाही, काही नाही. आणि त्यानंतरच्या रेकॉर्डवर गायकाचा आवाज कधी नव्हता इतका गोड लागलाय, हे या दोघांनाही मान्य आहे. विचारा त्यांना. मग या बँडला मोठं कुणी केलं? गिटारने नाही आणि ऑर्गननेही नाही. कुठे थांबायचं ते कळणं म्हणजे विकास, असं हे नेहमी म्हणतात. माझ्या मते या बँडचा सगळ्यात मोठा काळ तोच, ज्या काळात तो गप्प होता."

इतक्या टाळ्या त्या खोलीने कधी ऐकल्या नव्हत्या. अध्यक्षांच्या पत्नी तर उभ्याच राहिल्या. मतं घेतली तेव्हा पहिल्या तीन रेकॉर्डींना एक मत पडलं, मेहुण्याचं. जिराफाला एक पडलं, चष्मेवाल्यांचं. बाकी सगळे हात सहा वर्षांच्या शांततेसाठी वर गेले. त्यात अध्यक्षांचाही होता. त्यांचं कोपर पत्नीने धरलेलं होतं, पण हात तो हातच.

"दोन्ही बाजू हरल्या," अध्यक्षांनी जाहीर केलं. "हे पाहा, हे."

त्यानंतरचे रविवार फार शांततेत गेले. जेवण एकदाच गरम करावं लागे. मेहुणा यायचा, समोर बसायचा आणि बराच वेळ विचार करून म्हणायचा, "भाऊजी, तुमच्याकडे नळ गळतो का?"

"नाही."

"बरं."

आपल्याला या माणसाशी बोलायला दुसरं काहीच नाही, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं आणि दोघांनाही त्याचं वाईट वाटलं. दुकानात गिऱ्हाइकं अक्षरं वाचून सरळ घरी जाऊ लागली. धंदा वाढला, पण चष्मेवाल्यांचं कशात मन लागेना.

अशात एक दिवस अध्यक्षांचा फोन आला. चष्मेवाल्यांनी झडप घालून उचलला. "बाईंना द्या," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या सभेत त्यांनी जिराफाच्या रेकॉर्डवर बोलावं, असा सगळ्यांचा आग्रह आहे. रेकॉर्डी उचलून आणायला तुम्ही याल ना?"

चष्मेवाले गेले. रेकॉर्डींची पिशवी त्यांच्या खांद्यावर होती. पहिल्या रांगेत ते आणि मेहुणा शेजारी शेजारी बसले. बायको सुरेख बोलत होती, आणि बोलता बोलता सहज म्हणाली की ऑर्गनवाला तिसऱ्या रेकॉर्डपासून बँडमध्ये होता. चष्मेवाले खुर्चीतून उठणारच होते. मेहुण्याने त्यांचा हात घट्ट दाबला. थोड्या वेळाने तिने ते लांबलचक गाणं अठरा मिनिटांचं करून टाकलं. पुन्हा मेहुण्याने हात दाबला, चष्मेवाल्यांनी त्याचा दाबला. दोघांच्या कपाळांवर घाम होता, पण तोंडातून शब्द गेला नाही. शेवटाकडे मेहुण्याने आणखी एकदा हात दाबला. त्याला बहुधा खोकला आला असावा, असं चष्मेवाल्यांना वाटलं.

घरी परतताना बायको म्हणाली, "कसं झालं?"

"छान."

"काही चुकलं का माझं?"

"मला काय विचारतेस? त्या विषयावर मी बोलत नाही."

बायको मनापासून हसली. तिने त्यांच्या खांद्यावरची पिशवी आपल्या हातात घेतली. "मुद्दाम तीन चुका ठेवल्या होत्या. बघत होते, तुमच्याच्याने राहवतं का. पण दोघंही जागचे हलला नाहीत. खरंच कौतुक वाटलं मला तुमचं."

चष्मेवाल्यांची छाती फुगली. चार पावलं ते ऐटीत चालले आणि मग एकदम रस्त्यातच थांबले. त्यांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. त्यांना दोनच सापडल्या होत्या. मेहुण्याने मात्र हात तीनदा दाबला होता. आणि तिसरी चूक कोणती, हे बायकोला किंवा मेहुण्याला विचारायचं तर वर्ष संपायची वाट बघायला हवी होती.